जोडी चुकली

कोपरखैरण्यात, आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर
जेसीबीनं मंगळवारी रस्ता उघडला,
गॅसच्या पायपासाठी म्हणे.
पाटीवर ‘तसदीबद्दल क्षमस्व’,
खाली काम संपण्याची तारीख: रिकामी जागा.
दुपारी दोनच्या सुमाराला घरातला फोन मेला
आणि मोडेमचा तिसरा दिवा लाल झाला.

सूनबाई शर्वरी लॅपटॉप घेऊन
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली,
तिथं मोबाईलला दोन कांड्या येतात.
“बाबा, हा डबा काढून टाका आता,” म्हणाली,
“कोण करतं तुम्हाला त्यावर फोन?”

कोण करतं.
बँकेतली पोरगी करते. गॅसवाला.
आणि महिन्यातून एकदा, रविवारी, जेवणं झाल्यावर
एक फोन येतो, त्यात कुणी बोलत नाही.
मी हॅलो म्हणतो. पलीकडे पंखा फिरतो,
एखादं भांडं वाजतं, एकदा शेळी ओरडली.
मग ठेवून देतात.

तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होतो.
गोणी काट्यावर चढायच्या आधी मला आकडा कळायचा.
त्या गप्प बसण्याचं वजनही पाठ आहे:
हणमंता, माझा धाकटा.
नऊ वर्षं झाली. बांधावरनं नव्हे,
लोक उगाच बांधाचं नाव घेतात.
आईच्या दहाव्याला, कावळा शिवायची वाट बघताना
मी एक वाक्य बोललो.
चढलेलं माप परत उतरवता येतं,
ते नाही आलं.

अकरा दिवसांनी खड्ड्यात एक पोरगा उतरला,
हिंगोलीचा, गवळी आडनावाचा,
कमरेला पकड, कानाला नारिंगी फोन.
केबलचं तोंड सोललेलं,
दोनशे जोड्या: निळी-पांढरी, हिरवी-पांढरी,
विटकरी, राखी,
मनगटाएवढ्या जागेत सगळा सेक्टर.
संध्याकाळी घरात डायलटोन आला.
साखर वाटायचीच तेवढी बाकी ठेवली मी.

पण नेट काही येईना,
आणि फोन वाजला तो मढवींसाठी.
“मावशी, बोंबील किती पाठवू?”
मग, “पप्पांचं पाकीट मिळालं का?”
मग कुणाची तरी हळद, जागा बदलल्याचं सांगणारी.
मी सगळं गॅसच्या पावतीमागं लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी पावती घेऊन गावठाणात गेलो.
कुंदाबाई मढवी ओट्यावर सुकट निवडत होत्या.
त्यांनीही कॅलेंडरचं एक पान काढलं.
बँक. गॅस. बँक.
“आन रविवारी एक मानूस बोलला,” त्या म्हणाल्या.
“बराच येल गप. मी बोलली, बोल रं बाबा,
बिल तुजंच चढतंय.
तवा बोलला. मना वहिनी बोलला.
इचारतो, गुडघा कसा हाय त्याचा?
आमच्या यांचा पन गुडघा, मना वाटलं यांचाच कोनी.
बोलली, बरा हाय, जिना चढतान.
मंग हसला का रडला, काय समजला नाय.”

माझा डावा गुडघा. ऑपरेशन दोनदा पुढं ढकललंय,
जिना मी चढत नाही.
हे त्याला सातारकडं कुणी सांगितलं,
आणि आता तो निर्धास्त झोपत असेल
मढवींच्या गुडघ्यावर.

सकाळी गवळी परत खड्ड्यात.
“काका, जोडी चुकली होती. लावतो सरळ, पाच मिनिटं.”
मी कडेला उभा, चपलेखाली माती सरकत होती.
म्हटलं, राहू दे की अशीच.
एवढा रविवार जाऊ दे.
त्यानं मान वर केली, दातांत निळी तार.
“अहो, तेरा वेळा कंप्लेंट केलीत तुम्ही.”

केली खरी.
नंबर पावतीमागंच लिहिलाय,
बोंबलाच्या खाली.