नव्वद दिवसांची आवृत्ती

ओउलूमध्ये डिसेंबरात अडीच वाजताच दिवे लागतात.
मी आवृत्ती एकेचाळीस बांधते, सही करते
आणि तेवीस मनगटांकडे पाठवते,
ज्यांतलं एकही मी कधी पाहिलेलं नाही.

सोबत दरवेळची तीच चिठ्ठी:
फोन आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवा.
चार्जर लावा. घाई करू नका.
पट्टी नव्वद टक्क्यांवर थांबली तर ती अडकलेली नाही,
विचार करते आहे.
(ती अडकलेलीच असते.)

मग वाट बघणं.
दालानझादगादहून ओयुना लिहिते:
उणे अठ्ठावीस. हातमोजा काढल्याशिवाय बटण माझं ऐकत नाही
आणि हातमोजा काढायला सांगाल तर मी तुमचं ऐकणार नाही.
पुन्ता अरेनासहून हिमेना:
घड्याळ सारखं बजावतं, आवाज फार आहे, इथून दूर जा.
बाई, हा वारा आहे. दूर म्हणजे कुठे?

मी हसते, नोंदवून घेते, क्रमांक देते.
क्रमांक मिळाला की गाऱ्हाणं निमूट रांगेत बसतं.

टुम्मासचं गाऱ्हाणंच नव्हतं, नुसता आकडा होता.
फेरो बेटं, सुम्बा गाव, वय एकाहत्तर.
पावलं रोज अकरा हजार, कधी चौदा.
नकाशावरचा ठिपका मात्र
किनाऱ्यापासून दोन मैलांवर, जागच्या जागी.
होडी.
लाट यायची, हात वर जायचा, खाली यायचा,
आणि आमचं शहाणं गणित म्हणायचं: चालला.

तीन रात्री गेल्या त्यात.
पाऊल टेकताना हाडाला एक बारीक ठेच लागते,
पाण्याला हाड नसतं;
एवढंच शिकवायचं होतं घड्याळाला.
आवृत्ती बेचाळीस. काय नवीन, या रकान्यात
मी ऐटीत लिहिलं: समुद्र आता चालत नाही.

आठवडाभर सुम्बाहून शून्य.
शून्य, शून्य, चाळीस, शून्य.
पट्टा तुटला असेल, म्हटलं.
मग पत्र आलं, तोडक्या इंग्रजीत,
दोनदा वाचून मगच धाडल्यासारखं:

प्रिय हिल्का,
दुरुस्ती बरोबर आहे. अभिनंदन.
डावा पाय सहा वर्षांपूर्वी दोर ओढायच्या यंत्रात गेला.
मुलगी होडीत बसवून देते, मग दिवस माझा.
संध्याकाळी घड्याळ थरथरायचं, वर्तुळ पूर्ण व्हायचं,
त्या टिचभर काचेवर फटाके उडायचे.
खोटे होते, ठाऊक होतं मला.
पण दिवसभर खोल पाण्यावर तोल सांभाळायचा
याला बसून राहणं म्हणतात का,
एवढं तुमच्या गणिताला विचारा.

गणिताला मी विचारलं नाही.
वेसाला तर नाहीच, तो लगेच बैठक लावतो.
चाचणी करणाऱ्यांच्या यादीत नवा गट उघडला.
नाव: समुद्र. सदस्य: एक.
त्याला एकेचाळीस परत दिली,
तिच्या सगळ्या अडाणीपणासकट.

पण कच्ची आवृत्ती नव्वद दिवसच जगते,
एक्याण्णवाव्या सकाळी काच नुसती काळी.
म्हणून दर एकोणनव्वदाव्या दिवशी
मी ती जुनी चूक नव्याने बांधते,
ओळ न ओळ तपासते, कुणी चुकून सुधारली तर नाही ना,
आणि सही करते.

बाकीचे बावीस जण सत्तावन्नवर पोचले.
ओयुनाला हातमोज्यातून दाबता येईल असं बटण मिळालं.
वाऱ्याचं अजून काही जमलेलं नाही.

काल रात्री नोंद आली: सुम्बा, बारा हजार तीनशे.
तिकडे वादळ असावं.
माझ्या मनगटावर आठशे नऊ,
त्यातली निम्मी कॉफीच्या यंत्रापर्यंतची.

उद्या पुन्हा एकोणनव्वदावा दिवस.
काय नवीन, हा रकाना कोरा सोडता येत नाही.
मी दरवेळी लिहिते:
किरकोळ सुधारणा.