वेतन

उचगावच्या नाडकचेरीबाहेर, जांभळीखाली,
स्कूटरच्या सीटवर कागद पसरून
मी लगमाकाकूचा अर्ज भरत होते.
मला कानडी शाळेतलं येतं.
काकूला येतं बाजारापुरतं : एष्टु, बेडा,
आणि कचेरीपुरतं : नाळे बा.

मृत्यूचा दाखला तिनं आधी उलटा धरला.
"ह्यात ते कुठं आहेत?"
मी बोट ठेवलं. भ, र, मा.
दाव्याच्या वेटोळ्यांसारखी गोल अक्षरं.
बराच वेळ बघत राहिली.
"जन्मात कधी कानडीत सही केली नाही बग.
त्यापायी मोर्च्यात जाऊन दोन रात्री आत बसले.
आणि आता कसे गप बसलेत की गं ह्यात."

वर काय लिहिलंय, तिनं विचारलं.
मी वाचलं : विधवा वेतन.
दोन्ही शब्द तिला कळले.
त्या अख्ख्या पानावर तेवढेच दोन
तिच्या ओळखीचे निघाले.

"वेतन म्हंजे पगारच की?"
तसं नाही काकू, कानडीत त्याचा अर्थ...
"पगारच," ती म्हणाली.

भरमाकाका उद्यमबागेत, फौंड्रीत. एकवीस वर्षं.
चार कॉन्ट्रॅक्टर बदलले, मस्टर बदललं,
पर्मनंट होणार हे दर दसऱ्याला
मशीनच्या पूजेच्या नारळाबरोबर फुटायचं.
शनिवारी हातात नोटा, घडीत मोल्डिंगची काळी वाळू.
काकू त्या पदरानं झटकायची,
मग मोजायची.

"म्हंजे आमच्या घरात
महिन्याच्या महिन्याला पगार असणारी मीच पहिली."
हसली. मग ते हसू तिथंच टाकून
"काम काय करायचं असतंय पण?"

त्याला अर्जात रकाना नव्हता.
वय होतं, जात होती, उत्पन्न होतं,
अंगठ्यासाठी एक चौकोन होता.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, गंडन हेसरु?
काकूनं खाली बघितलं.
आजवर जे नाव तोंडानं घेतलं नाही
ते ह्या जाळीतून आत कसं टाकायचं?
मीच सांगितलं. तिनं मान हलवली,
जणू माझ्याच काकाचं नाव ते, तिच्या कुणाचं नाही.

परतीच्या वाटेवर मागं बसून बोलत होती :
कोवाडला दिलेल्या बहिणीला
पलीकडचं सरकार देतंय, जरा जास्त.
"एकाच मांडवात लग्नं झाली आमची.
बापानं स्थळं बघितली, जमीन बघितली,
हद्द कुणी बघितली नाही."
बेकिनकेरेच्या चढावर ती गप्प झाली.

पुढं तलाठी दरवर्षी विचारायला लागला,
परत लग्न नाही ना केलं?
"कुठलं हो," काकू म्हणते,
"ह्या नोकरीला रजाच नाही."
तो हसतो. सही करतो.

पण पहिले पैसे आले तेव्हाचं सांगायचं राहिलं.
सात महिन्यांनी. आठशे.
बँकेतून निघालेल्या, कोऱ्या, कडक नोटा.
मी सोबत होते.
काकूनं बाहेर पायरीवर उभं राहून
त्या पदरानं झटकल्या,
मग मोजल्या.