दीड बोट माया

नव्या पेठेतल्या बुटीकवालीनं ब्लाऊज
बोटांच्या टोकांनी उचलला,
म्हणाली, जुनाय हो, नवाच शिवा ना मॅडम,
आणि टेप घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.
तिला मी पुढचं काही सांगितलं नाही.
खाली येऊन लिंबू सरबत प्यायले, रिक्षा केली.

विडी घरकुलात कलावती म्याकलचं दार
भर मे महिन्यात दुपारी तीनलाही उघडं.
उंबऱ्याशी तिची सासू, मांडीवर सूप,
विडी वळता वळता मान वर न करता म्हणाली,
रा अम्मा, कूसो.
मला तेलुगू येत नाही. बसले.

पिशवीतून नारायणपेठी काढली,
तिच्यावरचा हा जांभळा ब्लाऊज,
पुतण्याचं लग्न सोळा तारखेला,
अक्कलकोट रोडचं कार्यालय, पाचशे पान,
आणि चारही नणंदा आधी माझ्या तोंडाकडं बघणार,
मग हळूच खाली.
हे शेवटचं मी बोलले नव्हते.
कलावतीनं उठून पडदा ओढला.

पडदा म्हणजे जुनी चादर, मोराच्या नक्षीची,
मोरांची पिसं धुण्यात गेलेली.
मी पदर काढला.
बार्शीहून आल्यापासून आरशासमोरसुद्धा
अशी उभी राहिले नव्हते.

हात जरा वर करा अक्का, एवढंच म्हणाली.
टेपचं पितळी टोक गार लागलं.
मग वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारून
उजवीकडं एक माप लिहिलं,
डावीकडं दुसरं.

अकरा वर्षं ती गणवेशाच्या कारखान्यात होती, कॉलरला.
दिवसाला तीनशे कॉलरी,
कुठल्या कुठल्या शाळांच्या,
एक सूत इकडंतिकडं झालं की
सुपरवायझर गठ्ठाच परत फेकायचा.
टाचण्या ओठांत धरून सांगत होती,
अर्धं मला कळलंच नाही.

ब्लाऊज उलटा करून तिनं कडेची शिवण नखानं चाचपली.
कुणी शिवला हो हा?
साखर पेठेतल्या दस्तगीर मास्तरांनी. वारले ते.
शहाणा माणूस, ती म्हणाली,
दीड बोट माया सोडलीय आत.
आता कोण सोडतंय?
रेडीमेडात तर शिवण संपली की कापड संपलं.

बावीस वर्षं मी तो अंगावर घालत होते,
आणि एवढं कापड आत दुमडून बसलेलं
मला ठाऊकच नव्हतं.

उजवीकडं उसवते, ती म्हणाली, गोळ्यांनी अंग भरलंय तुमचं.
डावीकडं आतनं मलमलचा कप्पा लावते.
कापूस नको, घामानं गोळा होतो.
राळे भरू या.
वजन पाहिजे थोडं, नाहीतर खांदा एका अंगाला ओढतो,
चालताना कळतं.
तुला कसं ठाऊक, म्हटलं.
अजून तिघी येतात माझ्याकडं.
नावं काही तिनं सांगितली नाहीत.
बाहेर सासूच्या सुपात पानं कातरल्याचा आवाज
तेवढा चालू होता.

शुक्रवारी ट्रायल. एकशे ऐंशी रुपये,
राळ्याचे पैसे घेतले नाहीत.
फक्त एक सांगून ठेवते अक्का, ती म्हणाली,
आणि काखेजवळची मोकळी केलेली पट्टी
दाराच्या उजेडात धरली :
कधी ऊन न लागलेला जांभळा रंग,
दुकानातून आणला त्या दिवशीचा,
बाकीचा ब्लाऊज त्याच्याशेजारी राखेसारखा.
फरक दिसणार बघा.
हात खाली असला तर नाही दिसायचा,
वर केला की दिसेल.

दिसू दे, म्हटलं.
अक्षता लांबूनच टाकाव्या लागतात.