पोच

अनगोळला, वरच्या खोलीत, रात्री अकराला
मी एका चिपची उलटतपासणी घेत बसते.
हिच्यात घड्याळ नाही.

इतकी वर्षं माझं प्रत्येक विधान
ठोक्यावर पाय ठेवून उभं राहायचं:
या ठोक्याला मागणी, तर दोन ठोक्यांत पोच.
आता ठोकाच काढून घेतलाय
आणि माझी वाक्यं, तिसऱ्या गेटापाशी
सिग्नल बंद पडल्यावर रिक्षा थांबतात तशी
एकमेकींकडे बघत.

बाबांना विचारलं.
म्हणाले, उद्यमबागेत भोंगा होता,
तो आत यायचा नि घरी जायचा.
लॅडलला कुठला भोंगा?
दांड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला निंगाप्पा,
मध्ये वितळलेलं लोखंड.
धरलंस? – हिडदेनि.
मग उचलायचं.
सोडू? – बिडु.
मग सोडायचं.
अठरा वर्षं. त्याला माझं मराठी
आणि मला त्याचं कन्नड
एवढंच लागलं.

मी लिहिते:
मागणी वर गेली की पोच येईतो वरच राहील.
मागणी उतरल्याशिवाय पोच उतरणार नाही.
किती वेळात, ते लिहीत नाही.
कोण कुणाच्या नंतर, तेवढंच.
टूल अडतं: कुठल्या ठोक्याला तपासू?
कुठल्याच नाही रे बाबा,
तार हलली की बघ.

पहाटे दोनला एक विधान पडलं.
पोचेच्या तारेवर केसाएवढं टोक
वर येऊन गेलेलं.
पोच नव्हतीच ती, एका गेटाची उचकी,
आणि पुढच्याने ती खरी मानून
माल ढकलून दिलेला.
ठोका असता तर दोन ठोक्यांमधली ही उचकी
कुणाला दिसली नसती,
कुणाला लागलीही नसती.

सकाळी बाबांना पडद्यावर दाखवलं.
ते बघत होते आपल्या उजव्या पायाकडे,
घोट्याखाली जिथं कातडी
मेणासारखी गुळगुळीत आहे.
‘निंगाप्पा खोकला होता,’ म्हणाले.
‘मला वाटलं, हूं म्हणाला.’

चहा निवला.
‘खोकला कुठला नि हूं कुठला,
हे तुझ्या यंत्राला कळतं?’
कळायला लावतेय, म्हटलं.

छप्पन्न विधानं खरी ठरली, आता सत्तावन्नावं दुरुस्त होईल.
एक मात्र उघडंच पडलंय:
मागितल्याची पोच कधी ना कधी येते.
त्याला मी मुदत घातलेली नाही.

बाबा खाली फोन लावतायत, संकेश्वरला.
वाजतोय.