आज किती

समुद्राकडे उतरणारा आमच्या गल्लीचा जिना
ऑगस्टात सहा पायऱ्यांचा असतो,
फेब्रुवारीत एकोणीस.

पाहुण्यांना पटत नाही.
ते उन्हाळ्यात लिस्बनहून येतात, सहावीवर बसून चपला काढतात,
आणि तिथूनच वाळू सुरू होते, कोरडी, कोमट.
टाचेखाली आणखी तेरा पायऱ्या
अंधारात ताटकळत उभ्या आहेत
हे त्यांना कोण सांगणार?
मी तर नाही. मी राहुट्या भाड्याने देते,
निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, एकूण सव्वीस.
बादली-फावडं फुकट.

नोव्हेंबरात वायव्येकडून पहिलं उधाण येतं.
दिसण्याआधी ऐकू येतं :
तळघरातून कुणी बटाट्यांची पोती ओढत नेतंय.
सकाळी समोरची देओलिंडा खिडकीची झडप ढकलते
(गुडघ्यांमुळे ती आता उतरत नाही)
आणि विचारते, "आज किती?"
मी खाली जाऊन मोजते. "नऊ!"
दोन दिवसांनी, "बारा!"
बारा म्हटलं की ती कोबीचं सूप चढवते.
का, ते मी कधी विचारलं नाही.
एक वाटी मलाही येते.

माझे वडील, अदेरितो, शाळेत तीनच वर्षं गेले.
ते म्हणायचे,
हिवाळ्याची लाट घाईची,
एकीची पाठ वळायच्या आत दुसरी अंगावर.
येताना रिकामी, जाताना मूठभर घेऊन जाते.
पण चोर नाही ती.
तिकडे बघ, खडक नसताना पाणी जिथे पांढरं फुटतंय,
तिथे नेऊन ठेवलीय सगळी. निजलीय.
एप्रिल-मेच्या लाटेला लांब दम असतो.
ती ओझं घेऊन चढते,
उतरताना पाणी वाळूतच मुरतं,
आणि ओझं राहतं वर.

मग थोडा वेळ जाळ्याची गाठ आवळत बसायचे.

आडवी ओढ मात्र वेगळी, म्हणायचे.
ती किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेला जाते.
तिने नेलेलं परत येत नाही.
आपल्याला मिळते ती उत्तरेकडच्या कुणाची तरी वाळू,
आपली मिळते खालच्या गावाला.
म्हणून किनाऱ्यावर माझं-माझं करू नये.

ते असतानाच उत्तरेला नवा धक्का बांधायला घेतला,
सिमेंटचे चौपायी ठोकळे, क्रेन, झेंडे.
त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

ते गेल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात
सलग अकरा रात्री पोती ओढली गेली.
बाराव्या सकाळी ओहोटीला मी उतरले,
सतरा, अठरा, एकोणीस,
आणि पाय पुढे गेला तो हवेत नाही, दगडावर पडला.

विसावी.

वेगळ्याच दगडाची, काळपट,
कडेला चिकटलेले शिंपले.
वाकून हात फिरवला
तर मधोमध खोलगट.
झिजलेली.
पाण्याने असं एकाच जागी झिजत नाही.
ही पावलं होती. वर्षानुवर्षांची,
ओली, अनवाणी, टोपल्या घेतलेली,
या पायरीला रोजची पायरी समजणारी.

म्हणजे कधीतरी वाळू एवढी खालीच असायची,
आणि गाव होतं,
आणि कुणी घाबरून मोजत नव्हतं.
की घाबरून वरच्या एकोणीस बांधल्या त्यांनी?
मी तिथे उभी, घोट्यापर्यंत गार,
दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या.

"आज किती?"

"एकोणीस," मी ओरडले.

वरून थोडा वेळ काहीच नाही.
मग झडप लागल्याचा आवाज.
संध्याकाळी सूप आलं, त्यात सॉसेजही होतं,
सणाला घालतात तसं.

जूनमध्ये वाळू आली. सातवीपर्यंत.
सहावी उघडीच राहिली, तिला ऊन लागलं,
तिच्यावर बसून एका मुलीने बूट काढले
आणि फटीत बोट घालून विचारलं,
हा जिना कुठे जातो?

खाली, मी म्हटलं,
आणि राहुटीचा खुंट
नेहमीपेक्षा हातभर खोल ठोकला.