एकास वीस

अठ्ठेचाळीस फूट भागिले वीस.
म्हणजे अडीच फुटाला जेमतेम दोन बोटं कमी.
त्याच हिशेबानं मी सव्वातीन इंच.
आणि एकोणीस वर्षं?
ती भागून बघितली नाहीत.

फळ्या आंब्याच्या खोक्यांच्या.
पठाण तेवढं फणसाचं.
वांक बसवताना दोन मोडले, एक मुद्दाम वाकडा ठेवला,
रत्नागिरीच्या धक्क्याला आपटली होती तिथला.
आतल्या अंगाला एका फळीवर
'हापूस, पाच डझन' असं उलटं छापलेलं राहून गेलं.
राहू दे. पोटात काय काय असतं.

कुरियरवाला एस.टी. स्टँडवरून फोनवर ओरडला,
"रिमोट आलाय तुमचा. टीव्हीचा काय?"
हो म्हटलं.

टाकीत सोडली तर पाण्यावर सरळ उभी.
सरळ!
'सातेरी प्रसाद' जन्मात कधी सरळ उभी राहिली नाही.
बर्फाच्या खणाकडे, डावीकडे, खांदा पाडून चालायची,
कडेवर पोर घेतलेल्या बाईसारखी.
नीरम म्हणून जुन्या पागाची शिसं भरली होती,
त्यातली तीन उचलून डाव्या अंगाला सरकवली.
मग ओळखू आली.

माझी जागा केबिनच्या खाली.
सहा सिलिंडर, एक बल्ब, तेलानं काळी झालेली गोधडी.
वर बाबल तांडेल दोरी ओढायचा, खाली घंटा वाजायची.
एक म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. तीन, मागे.
पुढे म्हणजे कुठे
ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
बंदरात शिरताना सगळे वर येऊन उभे राहायचे,
माणसं, टोपल्या, कावळेसुद्धा.
मी खाली, घंटेकडे कान लावून.
त्या जागेत आता बॅटरी आहे,
चिकटपट्टीनं बांधलेली.

तारामुंबरीच्या खाडीत, भांगाच्या दिवशी,
पाणी धड चढत नाही धड उतरत नाही
अशा वेळी गुडघाभर चिखलात उतरलो.
डावा कान इंजिनानं खाल्ला, उजवा निम्मा.
मोटर चालू झाली ते बोटाला कळलं.
हात काढला.

गेली.

पाण्याला मात्र एकास वीस करता येत नाही.
कुणाची तरी होडी लांबून गेली, तिची साधी लहर,
आणि सुक्या नाळेवर थेंब असे आदळले
जसे वरून नारळ पडावेत.
नाक बुडालं. वर आलं.
माझ्या अंगठ्याखाली सुकाणू होतं,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि मला पोटातून घाम फुटला.

कोयंड्यांचा बारका पोरगा वाकून बघत होता.
"काका, हिच्यात माणसां खंय आसत?"
"खाली," म्हटलं. "इंजिनात."
त्याला पटलं.

वळवली तेव्हा तिरपं ऊन होतं.
काठावरून ती अशी दिसते तर.
गुणवंती सांगायची, खाडीच्या तोंडाशी आलात की ओळखते.
वीस होड्यांत? कशी?
खांद्यावरून, म्हणायची.
मला वाटायचं माझ्या.

आता शेजारीच उभी होती, पदराचं टोक दातात धरून,
डोळे बारीक करून, बराच वेळ.
मग म्हणाली,
"इतकी नाय कलायची."

शीस एक जास्त झालं असेल.
पलीकडच्या चिखलात खरी उपडी पडलीय,
तिला विचारून उपयोग नाही,
ती आता सगळीच एका बाजूला आहे.

मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, दोन.
अंगठा उचलला.
ती लगेच थांबली नाही.
होडी लगेच थांबत नसते, थोडी स्वतःच्या मनानं पुढे जाते,
आणि तेवढं अंतर
कुठलीच घंटा वाजत नाही.

घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुवायला हवी.
खार पितळेला सोडत नाही.