तळवलीत मतमोजणी

ताईने मत कुणाला दिलं ते आम्हाला कळलं नाही.
ती डंडीला नर्स होती, सहावं वर्ष,
आणि तिथला कायदा असा की आपल्या पासपोर्टवरही
त्या देशाने राहावं की निघावं
हे तिला रीतसर विचारलं गेलं.

बाबांना ते झेपेना.
"हिला इचारला? भाडोत्रीला?"
म्हणाले, आणि गॅलरीतून खाली पाहत राहिले
जिथे आमची खारजमीन होती.
आता तिथे काचेची इमारत आहे,
रात्रभर आत कुणीतरी अमेरिकेचे हिशेब लिहितं.

एकोणीस सप्टेंबर, शुक्रवार.
सकाळी सहाला पहिला जिल्हा आला.
नाव जिभेवर बसेना, बाबांनी वहीत नुसतं 'क' लिहिलं
आणि दोन रकाने ओढले. हो. नाही.
वही साडेबारा टक्क्यांच्या हेलपाट्यांची.
पुढच्या पानांवर अजून सिडकोच्या टेबलांचे नंबर,
साहेब रजेवर, साहेब मीटिंगला, सोमवारी या.

हसुरामकाका ब्रश तोंडात घेऊनच आले.
"तीनशे सात वर्षं एका घरात," म्हणाले,
"आता वेगळी चूल?"
"घर एक केलं कुणी? मूठभर सरदारांनी.
बाहेर लोक दगड घेऊन उभे होते, पोरीनं सांगितलंय."
"बुडाले होते रे. दर्यापार वसाहत काढायला गेले,
पैसाही गेला, माणसंही गेली."
"बुडत्याची सही, ती सही का?"
"मग माझ्या बापाचा अंगठा काय होता?"

यावर दोघंही गप्प.
आई निवट्या साफ करत होती,
तिने विचारलं, तिकडे थंडी किती असेल आत्ता.

साडेआठला डंडी आलं. हो, सत्तावन्न टक्के.
बाबा उठून उभेच राहिले,
जणू सगळे सत्तावन्न ताईने एकटीने नेऊन टाकले होते.

साडेदहाला मात्र संपलं.
पंचावन्न नाही. पंचेचाळीस हो.

काकांनी वही मिटली. "मोजलं. झालं."
बाबांनी ती उघडली.
"यात पेन्शनला घाबरलेले किती?
'आत्ता नको, पुढे बघू' म्हणणारे किती?"
"ते लिहायला चिठ्ठीवर जागा नसते."
"तेच म्हणतोय मी. जागा नसते."
"मग त्या पंचेचाळिसातले
नुसते लंडनवर चिडलेले, तेही वजा कर."
बाबांनी पेन उचललं.
बराच वेळ उचललेलंच होतं.

दोन वर्षांनी त्या अख्ख्या घरानेच
युरोपच्या वाड्यातून निघायचं ठरवलं.
ताई फोनवर म्हणाली, इथे कितीजण
युरोप सुटू नये म्हणून 'नाही' म्हणाले होते.
बाबांनी कपाटातून वही काढली
आणि पंचावन्नच्या डोक्यावर
एक बारीक प्रश्नचिन्ह ठेवलं, पेन्सिलीने.

मागच्या डिसेंबरात ती आली तेव्हा
आम्ही तिघं खाडीकडे गेलो.
जुन्या बांधाचा हातभर तुकडा उरलाय, तिवरांत.
तिथे आमची उघाडी होती. भरतीला झाकायची, ओहोटीला उघडायची.
झाकली तरी खारं पाणी थोडं झिरपायचंच,
बाबा सांगत होते, फळी कितीही ठोका.

मग विचारलं एकदाचं, "काय टाकलंस तू?"
ताई म्हणाली, "तिथे सोळा वर्षांच्या पोरांनाही मत होतं, बाबा."

सत्तर साली बाबा सोळाचे होते.
नोटीस चावडीवर लागली होती, त्यांनीच वाचून दाखवली,
घरात अक्षर येणारे ते एकटेच.

चपलेला लागलेला चिखल
त्यांनी फळीच्या खुंटाला पुसला, एक पाय, मग दुसरा.
"त्या वर्षी भात काळं पडलेलं," म्हणाले.
"मला इचारला असता ना,
त मी 'घ्या' बोललो असतो.
हसुरामला सांगू नुको."